बसल्या जागी

आरोग्यावर व्याख्यान देणारा माणूस नेहमी उभा असतो आणि ऐकणारे नेहमी बसलेले असतात, ही गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात कशी आली नाही, याचं मला नवल वाटतं. बँकेत वीसेक वर्षं कारकुनी करताना अशी व्याख्यानं मी डझनावारी ऐकली. वक्ते बहुधा सडपातळ असतात. त्यांच्या हातात पाण्याची बाटली असते, मागे पडद्यावर मणक्याचं चित्र असतं, आणि चित्राच्या खाली लाल अक्षरांत एक प्रश्न असतो : तुम्ही दिवसाला किती तास बसता? आता हा प्रश्न बँकेच्या कारकुनाला विचारणं म्हणजे माशाला तुम्ही दिवसाला किती तास ओले असता, असं विचारण्यापैकी आहे.

मागच्या व्याख्यानात वक्ते म्हणाले, ‘‘बसून राहणं हे सिगारेट ओढण्याइतकंच घातक आहे.’’ आमचे हेड कॅशियर तीस वर्षं विडी ओढत आले आहेत. त्यांनी हात वर करून नम्रपणे शंका विचारली, ‘‘मी बसूनच ओढतो. तर ते दुप्पट धरायचं, की एकाच खात्यात?’’ वक्त्यांनी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच. बसणं वाईट हे खरं, पण त्याला सिगारेटच्या पंक्तीला बसवणं ही निव्वळ अतिशयोक्ती आहे. तंबाखूचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

मग आल्या सूचना. लिफ्टऐवजी जिना वापरा. (आमची शाखा तळमजल्यावर आहे. लिफ्ट नाही आणि जिनाही नाही.) गाडी लांब उभी करून चालत या. (माझी गाडी डोंबिवलीहून सुटते आणि ती कुठे उभी करायची हे रेल्वे ठरवते.) भरपूर पाणी प्या. (यावर पुढे बोलणार आहे, नीट बोलणार आहे.) आणि शेवटी ते वाक्य, जे ऐकलं की माझं पित्त खवळतं : ‘‘शेवटी काय, आपलं आरोग्य आपल्याच हातात असतं.’’

नाही हो, नसतं. आपलं आरोग्य आपल्याच हातात असतं, तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ते मी शाखेत आणलंच नसतं, घरी कपाटात ठेवून आलो असतो. माझं म्हणणं सरळ आहे. टेबलावर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाचं पोट, त्याची मान आणि त्याची साखर हा त्याचा खाजगी गुन्हा नाही. काम ज्या पद्धतीनं मांडलं आहे, त्या मांडणीचा तो हिशेब आहे. मी बी. कॉम. आहे. प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असते, एवढं मला शिकवलेलं आहे. माझ्या कमरेच्या खात्यावर रोज जे नावे पडतं, ते जमा कोणाकडे होतं, हे विचारण्याचा मला अधिकार आहे.

आता कोणी म्हणेल, पूर्वी कुठे कॉम्प्युटर होते? कारकून तेव्हाही बसूनच होता. बरोबर आहे. कारकुनाचं दुखणं कॉम्प्युटरपेक्षा फार जुनं आहे. रामाझ्झिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांना कोणते रोग होतात यावर त्यानं १७०० साली एक ग्रंथच लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. त्यांच्या दुखण्याची कारणं त्यानं तीन सांगितली : एक, सततचं बसणं, दोन, हाताची एकाच दिशेनं अखंड हालचाल, आणि तीन, बेरीज-वजाबाकीत चूक होऊन धन्याचं नुकसान तर होणार नाही ना, या काळजीचा मनावरचा ताण. तीनशे वर्षांपूर्वी हा गृहस्थ आमच्या शाखेत येऊन गेला होता की काय, असं मला वाटलं. आमच्या वक्त्यांना पहिलं कारण माहीत आहे, दुसरं अर्धवट माहीत आहे, आणि तिसऱ्याबद्दल ते ध्यान करा म्हणतात.

म्हणजे जुना कारकून काही पैलवान नव्हता. पण त्याला एक गोष्ट होती, जी मला नाही. त्याला उठावं लागे. मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले होते, पण ज्येष्ठ मंडळींच्या आठवणी ताज्या होत्या. लेजर म्हणजे वही नव्हे. लेजर म्हणजे सत्यनारायणाचा पाट. ते रॅकमधून ओढायचं, टेबलावर आणायचं, नोंद करायची, मग व्हाउचरसकट साहेबांच्या टेबलावर सहीला न्यायचं, परत आणायचं, संध्याकाळी पुन्हा आत ठेवायचं. शिपाई असे, नाही असं नाही. पण शिपाई नेमका हवा तेव्हा चहा आणायला गेलेला असे, म्हणून कारकुनाचे पाय शाबूत राहिले. महिनाअखेरीला ताळा जुळेना, की अकरा पैशांच्या फरकासाठी अख्खी शाखा या टेबलावरून त्या टेबलावर हिंडे. त्या अकरा पैशांनी किती जणांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

यंत्रं आली, ती आमच्याकडे न भांडता आली नाहीत. १९८३ साली कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला. भांडण होतं नोकऱ्या जातील का, याचं. ते रास्तच होतं. पण उठण्याबद्दल त्या काळी कोण बोलणार? उठणं हे काही कामाच्या यादीत नव्हतं, ते कामाच्या फटीत होतं. यंत्रानं काम ठेवलं आणि फटी बुजवल्या. आता मी एक नोंद करतो, ती पडद्यावरून पडद्यावर जाते, चार हात अंतरावर बसलेले साहेब तिथूनच मंजूर करतात. आम्ही दोघं सकाळी एकमेकांना नमस्कार करतो आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत आमचा संबंध फक्त हिरव्या आणि लाल अक्षरांतून येतो. लेजर मात्र आहे. एक जुनं लेजर माझ्या मॉनिटरच्या खाली घातलं आहे, पडदा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून. आरोग्यासाठी बँकेनं मला आजवर दिलेलं तेवढं एकच साधन, आणि तेही मीच स्टॉकरूममधून उचलून आणलं.

या फटीतल्या हालचालीची किंमत किती, हे सांगणारा एक नामांकित अभ्यास आहे आणि तो मला फार प्रिय आहे, कारण त्याचा नायक बसचा कंडक्टर आहे. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. गाडी एक, खाकी एक, धूर एक, प्रवाशांच्या शिव्या एक. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसलेला, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी. टपालखात्यातही तेच दिसलं. पत्रं वाटत हिंडणारा पोस्टमन बरा, खात्यात खुर्चीवर बसलेला कारकून त्याच्याहून वाईट.

बरं, हे मॉरिस इतके प्रामाणिक की १९५६ साली त्यांनी आपल्याच निष्कर्षाला कात्री लावली. त्यांनी काय करावं? बस कंपनीचे गणवेश तपासले! ड्रायव्हरच्या विजारी कमरेत जास्त रुंद निघाल्या, आणि नवख्या तरुण ड्रायव्हरांच्याही. म्हणजे काही माणसं मुळातच रुंद कमरेची म्हणून ड्रायव्हर झाली असावीत; सगळा दोष सीटला देता येत नाही. शिंप्याच्या टेपावर एवढा विश्वास टाकणारा शास्त्रज्ञ मला दुसरा ठाऊक नाही. पण पुढच्या संशोधनांनी मूळ मुद्दा पक्काच केला. स्वतः मॉरिस नव्याण्णव वर्षं जगले, २००९ साली वारले.

आता या कंडक्टरकडे जरा नीट बघा. तो पहाटे पाचला उठून धावत नव्हता. त्यानं मनगटावर घड्याळ बांधून पावलं मोजली नाहीत. त्याला कोणी प्रेरणादायी व्याख्यान दिलं नाही. तो कामावर गेला, आणि कामानंच त्याला निरोगी ठेवला. तेही पगारी वेळेत. आमच्या वक्त्यांनी या अभ्यासातून काय घेतलं? ‘जिना वापरा.’ अहो, कंडक्टर जिना वापरत होता, कारण जिना त्याच्या नोकरीत होता!

पावलांवरून आठवलं. मागच्या वर्षी आमच्याकडे ‘दहा हजार पावलं’ मोहीम निघाली. दहा हजार हा आकडा कुठून आला, तर वक्ते म्हणाले, शास्त्रानं सांगितलं आहे. शास्त्रानं नव्हे, बाजारानं. टोकियोचं ऑलिंपिक १९६४ साली झालं. त्याच्या हवेत १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, कानाला बरा वाटत होता, तो जगभर गेला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्कर स्त्रियांची पावलं मोजून पाहिली, तेव्हा दिवसाला चौवेचाळीसशेच्या आसपास चालणाऱ्यांनाही सत्तावीसशेवाल्यांपेक्षा चांगलाच फायदा दिसला, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो वाढेनासा झाला. पण आमच्या मोहिमेत बक्षीस दहा हजारांनाच होतं. ते कर्जविभागातल्या एका तरुणाला मिळालं. त्यानं मोबाईल घरच्या पाळण्याला बांधला होता, असं मागाहून कळलं. बाळ मात्र गुटगुटीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं मात्र नेमस्त आहे. २०२० साली त्यांनी सांगितलं, की मोठ्या माणसानं आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम प्रतीची हालचाल करावी. झपझप चालणं त्यात येतं. शिवाय एका दमात किमान दहा मिनिटं झालीच पाहिजेत, ही जुनी अटही काढून टाकली. सुटी नाणीही चालतील, असं म्हणा ना. दीडशेला सातानं भागा : दिवसाला एकवीस-बावीस मिनिटं. एवढं डोंबिवलीकरालाही जमतं. घरापासून स्टेशन, स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या, आणि आठ चौदाची गाडी आज तिसऱ्याऐवजी पहिल्या फलाटावर येत असल्याची घोषणा. मध्यम प्रत सोडा, तीव्र प्रतीची हालचाल होते. वर चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून तासभर येणं. त्याला बसणं म्हणायचं की उभं राहणं, यावर अजून संशोधन झालेलं नाही.

पण आठ-आठ तास बसणाऱ्याचं एवढ्यानं भागत नाही, हीच तर मेख आहे. दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्येच एक लेख आला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढीव धोका भरून निघायला रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटं हालचाल लागते, असं त्यातून दिसलं. म्हणजे वजावट होते, पण व्याजासकट. आता हा सव्वा तास कोणाच्या खात्यातून काढायचा? सकाळी साडेपाचला नळ येतो. सातला डबे. आठ चौदाची गाडी. संध्याकाळी आठला घरी. सौ. म्हणते, ‘‘रात्री जेवून फिरायला जात जा ना.’’ जातो. पण ती स्वतः नोकरीवरून येऊन ओट्यापाशी उभी असते, तेव्हा मी आरोग्यासाठी बाहेर फिरतो आहे हे सोसायटीत फारसं बरं दिसत नाही. बसून काम करवून घेतं ऑफिस, आणि त्याची भरपाई मात्र घरच्या वेळातून. कर्ज बँकेनं काढलं आणि हप्ते माझ्या पगारातून! याला आमच्या धंद्यात वेगळा शब्द आहे, पण तो इथे छापता येणार नाही.

आता पाण्याकडे येतो. आमच्या कॅश काउंटरवर एक बाई आहेत. हुशार, झटपट, नोटा मोजताना बोटं दिसत नाहीत. त्या साडेनऊ ते अडीच पाण्याचा थेंब घेत नाहीत. का? पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठायचं, तर कॅश मोजून ड्रॉवरला कुलूप घालायचं, कॉम्प्युटरमधून बाहेर पडायचं, ‘काउंटर बंद’ची पाटी लावायची, आणि पाटी पाहून रांगेतली पंधरा माणसं जे काय बोलतील ते पाठीवर घेत आत जायचं. जागेवर बसायला दुसरं कोणी नाही. दोन माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एका गृहस्थांनी त्यांच्या रिकाम्या खुर्चीचं मोबाईलवर चित्रण केलं आणि ‘बघा, आपल्या पैशावर काय चाललंय’ असं लिहून गावभर धाडलं. बाई पाच मिनिटांत परत आल्या होत्या. ते चित्रणात नव्हतं. त्यानंतर त्यांनी दुपारचा चहाही सोडला. लघवीच्या जंतुसंसर्गानं त्या वर्षात दोनदा आजारी पडल्या. डॉक्टरांनी औषध लिहिलं आणि खाली लिहिलं : भरपूर पाणी प्या. व्याख्यान झालं तेव्हा त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. पडद्यावर पाण्याच्या पेल्याचं चित्र आलं, तेव्हा त्या हसल्या. ते हसू त्या वक्त्यांनी पाहायला हवं होतं.

आपल्याकडे ‘जागेवर नाहीत’ यासारखा दुसरा आरोप नाही. माणूस जागेवर असला की काम चालू. मग तो डुलक्या घेत असला तरी चालेल. जागेवर नसला की कामचुकार. मग तो तुमचीच फाईल शोधायला गेलेला का असेना. भाषाच बघा ना. जम बसतो, घडी बसते, मेळ बसतो, बस्तान बसतं. उलट बाजार उठतो, माणूस जिवावर उठतो, मुळावर उठतो, आणि एका जागी न टिकणाऱ्याला उठवळ म्हणतात. शाळेत मास्तर उठाबशा काढायला लावत ते शिक्षा म्हणून. व्यायामाशी आपली पहिली ओळख कान धरून झालेली. मात्र याच भाषेला हेही ठाऊक आहे, की आवाज बसतो, धंदा बसतो, पावसाळ्यात भिंत बसते आणि शेवटी फटका बसतो. पाहुण्यांची म्हणाल, तर आपण ‘उठबस’ करतो. पाहुण्याला दोन्हीची सोय, कारकुनाला अर्ध्याचीच.

आमच्या शाखेचं आरोग्य खरं म्हणजे एकच शक्ती सांभाळते, आणि ती म्हणजे लिंक. लिंक गेली की पडदे गोठतात, आणि सगळी शाखा एका सुरात उठते. कोणी हात ताणतं, कोणी दारापर्यंत जाऊन पाऊस बघून येतं, बाई पाणी पितात. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. माझ्यापासून वीस फुटांवर मॅनेजरसाहेबांची काचेची केबिन आहे. दर वीस मिनिटांनी त्यांच्याकडे वीस सेकंद टक लावून बघितलं, तर माझ्या बदलीचा विचार सुरू होईल. लिंक गेली म्हणजे मात्र कुठेही बघता येतं. ग्राहक चिडतात, त्यांचं बरोबरच आहे. पण आमच्या हातापायांत रक्त पोचावं म्हणून यंत्रणा कोसळावी लागते, ही काही मिरवण्यासारखी व्यवस्था नव्हे.

दुसरीकडे हा प्रश्न उलट्या बाजूनं सोडवलेला आहे. केरळात कापडाच्या दुकानांतल्या बायका दिवसदिवस उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी टेकायची मनाई. त्या भांडल्या, आणि २०१८ साली तिथे त्यांना बसू देणं कायद्यानं मालकाला भाग पडलं. तमिळनाडूनं तेच २०२१ साली केलं. त्यांना कोणी व्याख्यान दिलं नाही, की ‘पाय बळकट करा, आपलं आरोग्य आपल्याच हातात असतं’. उभं राहणं ही कामाची मांडणी आहे, तेव्हा मांडणी बदला, असं कायदा म्हणाला. त्यांना बसायचा हक्क मिळाला. मग आम्हाला उठायचा हक्क मागायला लाज का वाटावी? युरोपातल्या राष्ट्रसमूहानं १९९० सालीच कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी नियम केला, की कामात अधूनमधून खंड हवा किंवा कामाचा प्रकार तरी बदलायला हवा. आणि तो खंड योजण्याची जबाबदारी मालकाची.

खंड काही फार मोठा लागत नाही. २०१२ सालच्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात वजनदार माणसांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं नुसतं सावकाश चालवलं, तर जेवणानंतरची रक्तातली साखर एकसारखं बसण्याच्या मानानं बरीच खाली राहिली. दोन मिनिटं! आमच्याकडे पासबुक छापायच्या यंत्रातला कागद सरळ करायला याहून जास्त वेळ लागतो.

आमचेच काही सहकारी मला म्हणतात, ‘‘कशाला हे उकरून काढतोस? माझे आजोबा पेढीवर लोडाला टेकून नव्वद वर्षं जगले.’’ जगले असतील. लॉटरीही कोणाला तरी लागते. पण मी बँकेत आहे, लॉटरीच्या दुकानात नाही.

म्हणून गेल्या मार्चमध्ये मी विभागीय कार्यालयाला पत्र लिहिलं. मागण्या तीनच होत्या. दर तासाला पाच मिनिटं काउंटरवरून उठण्याची लेखी मुभा, आणि ती पाटीवर ग्राहकांनाही दिसेल अशी. त्या वेळात काउंटर सांभाळायला आळीपाळीनं एक माणूस. आणि मान वळवून काम करावं लागणार नाही, अशा ठिकाणी पडदा. पत्रावर अकरा जणांनी सह्या केल्या. कॅशच्या बाईंची पहिली, हेड कॅशियरांची शेवटची, कारण ते बाहेर विडी ओढायला गेले होते. दिवसात चारदा उठून दारापर्यंत जाणारा शाखेतला एकटा माणूस!

उत्तर दीड महिन्यानं आलं. ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे,’ असं त्यात होतं. सोबत भिंतीवर लावायला एक रंगीत तक्ता जोडला होता. मथळा : ‘खुर्चीत बसल्या बसल्या करावयाचे बारा व्यायाम’.